मेले की झोपले? गाजरगवताच्या बियांची साठवण

प्रश्न: गाजरगवताच्या ताज्या बियांचे दोन वाटे केले. एक खोलीत ठेवला, दुसरा फ्रिजमध्ये ४ अंशांना. सहा महिन्यांनी खोलीतले बी जास्त उगवले. थंडीने बी मेले का?

उत्तर: बहुधा नाही. ताज्या बियांपैकी काही सुप्तावस्थेत, म्हणजे जिवंत पण उगवायला तयार नसलेल्या, असतात. शिवाय बीला चिकटून राहिलेल्या फुलाच्या सुक्या भागांत उगवण रोखणारी, पाण्यात विरघळणारी द्रव्ये असतात. कोरड्या, उबदार साठवणीत सुप्तावस्था हळूहळू ओसरते. ४ अंशांना हे काम फारच मंदावते. म्हणजे फ्रिजने बी जसे होते तसे राखले, इतकेच. न उगवलेले बी मेलेच असे धरून चालणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक.

शहानिशा अशी करा. दोन्ही वाट्यांचे बी मलमलच्या पुरचुंडीत बांधून वाहत्या पाण्याखाली काही तास धुवा आणि पुन्हा लावा. तरीही न उगवलेले बी चिमट्याने हलकेच दाबा. पोकळ आणि कुजलेले वेगळे मोजा. घट्ट राहिलेले बी रात्रभर भिजवा, गर्भ उघडा पडेल असा छेद द्या आणि १ टक्का टेट्राझोलियमच्या (जिवंत पेशींना लाल रंगवणारे रसायन) द्रावणात ३० अंशांना अंधारात ठेवा. द्रावणाचा सामू (pH) ७ च्या आसपास हवा. ते आम्लधर्मी राहिले तर जिवंत गर्भही नीट रंगत नाही. गर्भ सगळीकडे सारखा लाल झाला तर बी जिवंत.

प्रश्न: उगवण चाचणी नेमकी कशी लावावी?

उत्तर: प्रत्येक वाट्याच्या ४ पेट्री डिश, प्रत्येकीत ५० बिया, खाली गाळण कागदाचे दोन थर. कागद ओला हवा, पण बी पाण्यात तरंगता कामा नये. प्राणवायू कमी पडला की उगवण घटते आणि दोष उगाच साठवणीवर येतो. सर्व डिश एकाच तापमानाला, साधारण २५ अंशांना, आणि १२ तास उजेडात ठेवा. बीबरोबरचा भुसा हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, या तणाची अ‍ॅलर्जी त्रासदायक असते.

प्रश्न: महिनाभर कोरडे बी फ्रिजमध्ये ठेवले. शीतप्रक्रिया झाली ना?

उत्तर: नाही. शीतप्रक्रियेसाठी, म्हणजे गारव्याने सुप्तावस्था मोडण्यासाठी, बी पाणी प्यालेले लागते. कोरडे बी गार ठेवणे ही फक्त साठवण.

प्रश्न: काही वर्षे बी जिवंत ठेवायचे तर कोणते तापमान योग्य?

उत्तर: आधी ओलावा, मग तापमान. ढोबळ नियम असा, की बीतला ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान ५ अंशांनी उतरवले की आयुष्य साधारण दुप्पट होते. बी १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुकवा, हवाबंद पाकिटात भरा आणि उणे १८ अंशांना ठेवा. ओलसर बी गोठवले तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा; नाहीतर गार बियांवर दव धरते आणि सुकवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न: उपटलेले गवत फुलांसकट कंपोस्टमध्ये टाकले तर बी मरते का?

उत्तर: ढीग ओला असेल आणि आतले तापमान ५५ अंशांवर काही दिवस टिकले, तर मरते. पण कडा गार राहतात. म्हणून ढीग पुनःपुन्हा पालथा करून कडेचा माल मध्यभागी घ्यावा लागतो, आणि तापमान लांब दांड्याच्या थर्मामीटरने मोजावे लागते. कोरड्या बीला तीच उष्णता फारसे काही करत नाही, त्यामुळे नुसते उन्हात वाळवून भागत नाही. ढिगाची खात्री नसेल तर फुलोऱ्याआधीच उपटा.

प्रश्न: मग नांगरून खोल गाडले तर?

उत्तर: तीही साठवणच. पृष्ठभागावरचे बी लवकर उगवते किंवा मरते. ५ सेंटिमीटर खोल उजेड नसतो, तापमानाचे चढउतारही कमी. तिथे पुरलेल्या बियांपैकी बहुसंख्य दोन वर्षांनीही जिवंत आढळल्या आहेत. पुढच्या नांगरटीला त्या पुन्हा वर येतात.