पाऊणकीचं पंचांग आणि समुद्र उजव्या हाताला

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, वय 58 ते 64. दोघी शाळेतून निवृत्त, एक बँकेतून. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आम्ही चुकवत नाही, एरवीही रोज पहाटे चालतो. मुलगा म्हणतो, तुर्कस्तानात समुद्राकाठाने जुन्या शहरांच्या अवशेषांमधून जाणारी मोठी पायवाट आहे, तिकडे जा. खर्च आणि व्हिसाचं ऐकून उत्साह मावळला. आपल्याकडे आठ-दहा दिवस समुद्राच्या कडेने चालता येईल, वाटेत जुनं काही बघायला मिळेल आणि रात्री घरगुती मुक्काम होईल, असं काही आहे का?
— निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, मुलगा सांगतोय ती लिशियन वे. फेथियेपासून अंताल्याच्या बाजूला जाणारी, 500 किलोमीटरहून लांब, 1999 पासून दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या ओढून आखलेली. आपल्या कोकणात अशा पट्ट्या कुणी ओढलेल्या नाहीत. बाकी तुम्हाला हवं ते सगळं आहे. रेवदंड्याहून निघा आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला थांबा. अंतर साधारण शंभर किलोमीटर. समुद्र सतत उजव्या हाताला ठेवायचा. खाडी आली की पुलावरून नाहीतर तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडे जायचं.

ब्रह्मगिरीची फेरी जमते म्हणजे दमाची काळजी नाही. पण डोंगर चालणारी माणसं इथे एका गोष्टीत फसतात. ती अंतर धरून दिवस आखतात. किनाऱ्यावर दिवस पाण्याप्रमाणे आखायचा. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर डांबरी रस्त्यापेक्षा सुखाने चालता येतं. भरतीला तीच वाट पाण्याखाली, आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत वाळूत पाय ओढताय. तासाभरात पोटऱ्या भरून येतात.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीला पाऊणने गुणायचं, हीच पाऊणकी. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की दहाला ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकराची भरती आणि पहाटे पाच-साडेपाचची ओहोटी देतो, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं, आणि पुढे दोन्ही वेळा रोज पाऊण तासाने सरकतात. वेळ थोडीफार इकडेतिकडे होईल, चालायला तेवढं चालतं. म्हणून माघी पौर्णिमेला रेवदंड्यात पोचा आणि प्रतिपदेला सकाळी पाठीवर पिशवी घ्या. पहिल्या दिवशी ओहोटी सातला, मग पावणेआठला, साडेआठला. ऐन चालायच्या वेळेला आठवडाभर पाणी मागे असतं. शिवाय पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्यामुळे ते लांबवर मागे जातं.

पौर्णिमेचा दिवस चौल-रेवदंड्यालाच द्या. चौल म्हणजे टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथातलं सिमुल्ला. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्येही चेमुलचे, म्हणजे चौलचे, लोक आहेत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. आज तिथे काय दिसतं? नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचं देऊळ आणि झाडीत हमामखान्याचे घुमट. शहर कुठे गेलं, असंच वाटतं. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट मात्र गावाला अजून कवेत घेऊन आहे. तटाच्या आत लोकांची घरं, विहिरी, वाड्या आणि मध्येच सातखणी मनोरा, वरचे मजले ढासळलेला. कुणाच्या तरी अंगणातून गेल्याशिवाय काही अवशेष दिसतच नाहीत, तेव्हा आधी हाक मारा.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ला खाडीच्या तोंडाशी डोंगराच्या चिंचोळ्या सोंडेवर आहे. दीपगृहाच्या बाजूने चढा. वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आणि तुम्ही चालत आलात तो किनारा मागे दिसतो. मराठ्यांनी 1740 मध्ये हा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण खालच्या गावात हजारभर माणसं अजून पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली बोलतात. चर्चजवळ थोडं रेंगाळलात तर कानावर पडेल.

काशीदला सुट्टीच्या दिवशी थांबू नका. वाळूत गाड्या, उंट, भेळ. नांदगाव मार्गे मुरूड गाठा. तिथे जंजिरा बघालच, राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. पण सगळे परतात तेव्हा तुम्ही खोकरीला जा. सिद्दींच्या कबरींवरचे दगडी घुमट आहेत, कोरीव काम जवळून बघण्यासारखं, आणि बहुधा तिथे तुमच्याशिवाय कुणी नसेल.

आगरदांड्याहून फेरीबोट पकडून दिघी. दिघीतून वर चढणारा रस्ता रटाळ आहे, सरळ रिक्षा करा. पायीच जायचा पण कुणी केला असेल तर तो घरी ठेवून यावा. इथे एक खूण लक्षात ठेवा. दिवेआगरच्या अलीकडेही वेळास नावाचं गाव आहे. आपलं वेळास सावित्री नदीच्या पलीकडचं. बसमध्ये बसताना तालुका विचारा.

दिवेआगरला एक पूर्ण दिवस पाय पसरा. शके 982 चा मराठी ताम्रपट याच गावाचा, आणि रूपनारायणाच्या देवळातली मूर्ती तर सावकाश बघायची गोष्ट आहे. पुढे भरडखोल, शेखाडी, मग श्रीवर्धन, बाळाजी विश्वनाथांचं गाव. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर जगणाऱ्या घरांचं उभं उत्पन्न एका दुपारी गेलं. नव्या रोपांच्या रांगा दिसतील, त्यांच्याकडे बघून मुक्कामाच्या घरी भाव करू नका.

आता हरिहरेश्वर. देवळामागून प्रदक्षिणेची वाट खडकातल्या पायऱ्यांनी थेट समुद्रापाशी उतरते. लाटांनी खडकाला जाळी पाडली आहे, आणि त्याच लाटांनी माणसंही ओढून नेली आहेत. तुम्ही पोचाल तेव्हा सप्तमी-अष्टमी असेल, पाऊणकीने ओहोटी बाराच्या आसपास येईल. पण ते भांगाचं पाणी, उधाणासारखं लांब मागे जात नाही. म्हणून वेळ बरोबर असली तरी देवळातल्या माणसांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही, आणि ते नको म्हणाले तर हुज्जत नको.

बागमांडल्याहून तरीने वेसवी, तिथून बाणकोटच्या किल्ल्याखालून वेळास. नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारीच्या शेवटापासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, माघी पौर्णिमा उशिरा येणारं वर्ष निवडलंत तर तीही दिसतील. परतीला मंडणगड, महाड, पनवेल.

गुडघ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. किनारा समुद्राकडे उतरता असतो. दक्षिणेला चालताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि डावा गुडघा दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो. ओहोटीच्या रेषेजवळ वाळू बरीच सपाट असते, तिथून चाला. आणि खाडीच्या मुखातून पायी पार व्हायचं नाही, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी नाही. खाली चिखल असतो.

प्रश्न : पांडवलेण्यांत समुद्रकाठचे उल्लेख आहेत, असं कॉलेजात ऐकलं. नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध?
— विद्यार्थी, पाथर्डी फाटा

उत्तर : दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर धर्मशाळा आणि पाणपोया घातल्या. दमण आणि दाहानुका म्हणजे डहाणू, ही नावं नकाशावर आजही सापडतात. त्याच लेखात नारळाची 32,000 झाडं दान दिल्याचं आहे, आणि ज्यांना दिली त्यांच्यात शूर्पारक म्हणजे सोपाऱ्याचे लोक आहेत, तसेच गोवर्धनचेही. गोवर्धन तुमच्या गंगापूरजवळचं. बंदरातला माल घाट चढून याच बाजूला यायचा, त्यामुळे इथे डोंगरात बसून राजाचा जावई समुद्रकाठच्या होड्यांची सोय लिहून ठेवतो, यात नवल नाही. वरच्या पत्रातल्या ताईंनीही निघण्यापूर्वी एक सकाळ तिथे घालवावी. पायऱ्या चढण्याचा सरावही होईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. समुद्रकाठी जेवणाचे हाल होतील का? खोल्या आधी ठरवाव्या लागतात का?
— गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : हाल मुळीच नाहीत. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला घरगुती खानावळी आहेत. आमटी, भात, वालाचं बिरडं, सोलकढी, सांगून ठेवलंत तर उकडीचे मोदक. पण सांगून ठेवणं महत्त्वाचं. तिथे ताटं मोजून रांधतात, रात्री आठला दारात उभं राहून 'काही आहे का' विचारलंत तर चहाच मिळेल. खोल्या सोमवार ते गुरुवार आयत्या वेळी मिळतात. शुक्रवार ते रविवार पुण्या-मुंबईची गर्दी असते, त्या रात्री आधी ठरवा.

प्रश्न : माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार आहे आणि सोबत नऊ वर्षांची मुलगी. यातला कोणता टप्पा करू?
— नोकरदार आई, सिडको

उत्तर : दोन दिवसांत कोणताच नको. नाशिकहून पनवेल, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर गाठायलाच दिवस जातो. सोमवारची एक रजा टाका. रविवारी सकाळी ओहोटी असेल असा आठवडा वरच्या पाऊणकीने शोधा. दिवेआगरचा किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, पुढे भरडखोलच्या बंदरात वाळत घातलेली मासळी आणि होड्या बघून रिक्षाने परत या. मुलीला वासाची सवय नसेल तर नाक धरेल, धरू दे. सोमवारी पहाटेची गाडी पकडा.