मशीन माळ्यावर गेलं म्हणून मार्क वाढणार नाहीत

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले. मी बँकेत आहे, थोडी आंब्याची बाग आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले होते. नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा 268 मार्क. बोर्डात केमिस्ट्री उत्तम, फिजिक्स जेमतेम. दिवसभर गोधड्या शिवते, कापडं रंगवते. नातेवाईक हसतात. शेवटी आजीचं शिवणाचं मशीन मी माळ्यावर टाकलं. आता तिसऱ्यांदा नीटला बसवतोय, नाहीतर सायन्स वाया जाईल. तिला चार शब्द समजावून लिहा. एका गोधडीचा फोटो पाठवतोय, म्हणजे तिचा वेळ कुठे जातो ते कळेल. (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं मशीनचं वाक्य वाचून मी थांबले. दोन वर्षं अपयश पचवणाऱ्या मुलीला जे एक काम जमतं, ते तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलंत. त्यानं फिजिक्स कसं सुधारेल? मुलगी पुस्तकासमोर बसलेली दिसली म्हणजे अभ्यास चाललाय असं नसतं. अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. मान खाली, आणि साधं नाव विचारलं तरी आधी वडिलांकडे बघणार. तुमची मुलगी त्या वळणावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मशीन आजच खाली काढा. ‘आधी दोन तास अभ्यास, मग शिवण’ अशी अटही घालू नका. आणि एक स्पष्ट सांगते. मूळ पत्रात नातेवाइकांचं हसणं तीनदा आलंय, मुलीचं म्हणणं एकदाही नाही.

तिचं म्हणणं मला फोटोच्या पाठीवर सापडलं. तिनं तिथे पेन्सिलीनं कृती लिहिलीय. तुम्ही ती बहुधा वाचली नसेल. खाली कोरं मांजरपाट, वर आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. दोन्ही धावदोऱ्यानं दाट शिवून मग गरम पाण्यात घातलंय. कोरं कापड आटलं, जुनं आधीच आटलेलं होतं, म्हणून लुगड्यावर वळ्या उठल्या, ओहोटीनंतर पुळणीवर उठतात तशा. कडेला फाटक्या जाळ्याचे तुकडे बसवलेत. काळा रंग हिरडा आणि गंजक्या खिळ्यांचा. कापड कसं वागेल याचा आधी विचार केल्याशिवाय हे जमत नाही. ही मुलगी वेळ घालवत नाहीये, प्रयोग करतेय.

‘सायन्स वाया जाईल’ हा समज तर घरोघरी आहे. अहो, रंगाई म्हणजे केमिस्ट्रीच. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग चालतो आणि तो पक्का बसायला धुण्याचा सोडा लागतो. रेशमाला, लोकरीला ॲसिड रंग. पॉलिएस्टर या दोन्हींना दाद देत नाही. त्याला डिस्पर्स रंग आणि भरपूर उष्णता लागते. एका गोधडीत तीन जातींची कापडं आली की हिशेबही तीन. हळद सुरेख चढते, पण उन्हात उडते. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाशी मिळून काळं होतं खरं, पण लोखंड जास्त झालं तर सुती धागा काही वर्षांत विरतो. हे तिनं शिकायलाच हवं. 1856 मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा विद्यार्थी क्विनीन, म्हणजे मलेरियावरचं औषध, बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून उभा राहिला. त्याला आर्किटेक्ट करायची वडिलांची इच्छा होती. पुढे त्याच वडिलांनी मुलाच्या रंगाच्या कारखान्यात स्वतःची पुंजी घातली.

नेहमीच्या वाटा थोडक्यात सांगते : एनआयडी, निफ्ट आणि यूसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेतून देता येतात (वयाची अट आधी वाचा), आणि बीएफए, म्हणजे कलेच्या पदवीसाठी कलेची सीईटी असते, मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयात टेक्स्टाइल आहे.

गणित ठेवलंत हे मात्र फार बरं केलंत. त्यामुळे माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं तंतू आणि वस्त्रप्रक्रियेचं बी.टेक. तिला खुलं आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गट द्यावा लागेल, स्पर्धा मोठी आहे आणि फिजिक्स इथेही सुटत नाही. पण इथे ते कशासाठी शिकायचं ते तिला ठाऊक असेल. तिसऱ्या नीटला माझा स्पष्ट नकार आहे.

गोधड्यांवर पोट भरेल का? पहिली बरीच वर्षं नाही, हे तिनंही ऐकावं. एकेका मोठ्या कामाला महिने जातात आणि गिऱ्हाईक अंथरुणाच्या भावात मागतं. म्हणून कापड रंगवण्याच्या कारखान्यात किंवा कापडाच्या डिझाइनमध्ये नोकरी मिळेल असं शिक्षण हवं. स्वतःचं काम त्याच्या जोडीनं वाढेल. जमलं तर तिला कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे घेऊन जा. तिथल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका जुन्या कपड्यांची कवंदी (त्यांची गोधडी) कडेपासून आत शिवत नेतात. तिला बरंच बघायला मिळेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत तिनं रंगवलेल्या कापडांच्या पट्ट्या पाठवाव्यात. प्रत्येक पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवायची. मागे कापड, रंग आणि तारीख लिहायची. पाऊस लागायच्या आत सुरुवात करावी. कुठला रंग किती टिकला याची ही वही तिला कॉलेजच्या मुलाखतीतही दाखवता येईल.