औषधं रेणूंवर आणि प्रतिकारशक्तीवर कशी काम करतात हे शिकायचं असेल तर सोलापुरात बी.फार्म. नंतर काय करावं?

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घ्या. दोन वर्षांचा कोर्स आहे. पहिल्या सेमिस्टरला सेल्युलर आणि मॉलिक्युलर फार्माकॉलॉजी येतं, इम्युनोफार्माकॉलॉजी पुढच्या सेमिस्टरला.

हा विषय पाठांतराने येत नाही, साखळी समजावी लागते. किडनी बदललेल्या पेशंटला देतात ते सायक्लोस्पोरिन बघा. ते टी-पेशीत (परक्या गोष्टींवर हल्ला करणारी पांढरी पेशी) शिरून सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवते. मग एनफॅट हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात पोचत नाही, टी-पेशींना वाढायला सांगणारं इंटरल्युकिन-२ तयार होत नाही आणि टी-पेशींची फौज वाढत नाही. परकी किडनी वाचते, पण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फायदा आणि धोका एकाच कडीतून निघतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संधिवातावरचं अडॅलिमुमॅब टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला पकडतं, तिथेही टीबी डोकं वर काढू शकतो. म्हणून आधी टीबीची तपासणी करतात.

शेवटच्या वर्षाला असाल तर जीपॅट, म्हणजे एम.फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा, आत्ताच द्या. पात्र ठरलात तर एम.फार्म.ला स्टायपेंड मिळतो. सोलापूर विद्यापीठाअंतर्गत शिकायचं की पुण्याला जायचं, हे नावावरून ठरवू नका. कॉलेजात जाऊन थेट विचारा: सेल कल्चर (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं) चालू आहे का, प्राणीगृहाला मान्यता आहे का, गाइड सध्या कशावर काम करतायत? चांगला गाइड इथेच मिळत असेल तर घर सोडायची गरज नाही. आणि इम्युनॉलॉजी कच्ची असेल तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत टी-पेशी, बी-पेशी आणि सायटोकाइन्स (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ती प्रथिनं) पक्के करून घ्या.