ब्रेन ट्यूमरच्या रेडिएशननंतर लेकराचं अभ्यासात ध्यान का लागत नाही?

ताई, लेकरू आळशी नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. डोक्याला रेडिएशन दिलं की मेंदूतल्या तंतूंना इजा होऊ शकते, मग लक्ष टिकत नाही, लिहायला-समजायला वेळ लागतो, अन् हे बऱ्याचदा काही वर्षांनी दिसतं म्हणून मास्तरला वाटतं पोरगं मुद्दाम करायलंय. अशी लेकरं बरेचदा धिंगाणा घालत नाहीत, गप बसून हरवतात. कान अन् थायरॉईडही तपासून घ्या, ट्रीटमेंटमुळं दोन्ही बिघडू शकतं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी सेंटर (लेकरांच्या वाढीतल्या-शिकण्यातल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) असेल तर तिथं विचारा, शाळेत पुढचा बाक, पेपरला जादा वेळ मागा. पण मार्कांच्या आधी दोस्त तुटलेत का ते विचारा, लई चिडायलं, एकटं बसायलं तर मानसोपचार डॉक्टरकडं न्यायला अजिबात लाजू नका.