तुमचं एगुसी बिघडलेलं नाही

प्रश्न : ताई, माझ्या मुलाच्या ऑफिसात एक नायजेरियन मुलगा आहे. येत्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचाय. त्याला घरचं काही मिळावं म्हणून मी एगुसी सूप करून बघितलं. कलिंगडाच्या बियांचा मगज वाटून मटणाच्या पाण्यात सोडला, तर ते फुटलं. गोळे गोळे झाले, वर तेल आलं आणि चवही कडवट लागली. शेवटी ब्लेंडर फिरवला, तर त्याचं पिठलं झालं. माझं कुठे चुकलं? आणि हे सूप आधी प्यायला द्यायचं की भाताबरोबर?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ब्लेंडर फिरवेपर्यंत तुमचं सगळं बरोबर होतं. एगुसीत गोळे व्हायलाच हवेत. वर तेलाचा तवंगही हवा, आपल्या रश्शावर तर्री हवी तसाच.

१९८४ ते १९९० आम्ही नायजेरियातल्या लागोसमध्ये, इकेजाच्या कारखान्यांच्या भागात राहत होतो. शेजारच्या बाई एनुगूकडच्या, इग्बो समाजातल्या. पहिल्यांदा त्यांच्या चुलीपाशी उभी राहिले तेव्हा गुठळ्या दिसताच मी डाव घालून मोडायला गेले. त्यांनी माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. पंधरा मिनिटांनी झाकण उघडलं तर मऊ पनीरसारखे दाणे झाले होते, आणि मटणाचा सगळा रस त्यांच्यात मुरला होता. तोच त्या सूपाचा जीव. ढवळलंत की पीठ होतं.

कडवटपणा मात्र मगजाचा. या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे जुना मगज लवकर खवट होतो. मशीद बंदरला किंवा जिथे माल रोज हलतो अशा दुकानातून घ्या, घेताना चार बिया चावून बघा, घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. आपला मगज तिकडच्या एगुसीच्या बियांपेक्षा बारीक असतो, पण जात कलिंगडाचीच, त्यामुळे काम चोख करतो. मिक्सर थांबवत थांबवत कोरडाच फिरवा; सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होईल.

पाच माणसांना अर्धा किलो मटण आणि दीडशे ग्रॅम मगज पुरतो. मटण कांदा, मीठ आणि एक मिरची घालून शिजवा, पाणी फेकू नका. हळद नको, आलं-लसूण वाटण नको, गरम मसाला तर अजिबात नको. एकदा मी सवयीने हळद टाकली होती. पोराबाळांनी खाल्लं, पण ते एगुसी राहिलं नाही. दोन लाल ढोबळ्या मिरच्या, दोन टोमॅटो, एक कांदा आणि झेपतील तेवढ्या तिखट मिरच्या वाटून तेलात परता. पाणी आटून तेल सुटलं की मटण आणि तीन-चार वाट्या मटणाचं पाणी घाला. मगजाच्या पिठात थोडा वाटलेला कांदा आणि पाण्याचा हबका मारून घट्टसर गोळा करा. उकळी आली की चमच्याचमच्याने सोडा, आच मंद करा, झाकण ठेवा. पंधरा मिनिटं हात लावू नका. मग एकदाच अलगद खालीवर करा.

आता जवळा. तिकडे ज्याला क्रेफिश म्हणतात ती प्रत्यक्षात धुरावर सुकवलेली बारीक कोळंबीच असते. मरोळच्या सुक्या बाजारातला जवळा उन्हातला, त्यात तो धूर नाही. म्हणून चाळून, रेती काढून, तव्यावर खमंग भाजा, पूड करा आणि दोन मोठे चमचे घाला. हे टाळू नका, याच्याशिवाय सूप पोकळ लागतं. शेवटी पाला. तिथला उगू हा भोपळ्याच्याच कुळातला वेल, म्हणून लाल भोपळ्याची कोवळी पानं मिळाली तर उत्तम. नाहीतर हिरवा माठ घ्या. तिकडचे योरुबा लोकही माठ खातात, एफो तेते म्हणतात. पालक घ्याल तर आधी वाफवून घट्ट पिळा.

तेलाबद्दल खरं सांगते. तिकडे हे सूप पामतेलात करतात, पण आपल्या पिशवीतलं पामतेल शुद्ध करताना त्याचा रंग आणि वास दोन्ही काढलेले असतात. तिकडचं लालभडक असतं, गाजरात असतं त्याच कॅरोटीनमुळे, आणि त्याचा वास दुसऱ्या कशाने येत नाही. शेंगदाण्याचं तेल आणि थोडी बेडगी घातलीत तर रंगापुरतं भागेल. पण मुलाला सांगून त्या पाहुण्यालाच विचारा, घरून आणलेली बाटली असेल तर अर्धी वाटी आण म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. परदेशात असताना मला कुणी आमसुलं मागितली असती तर मला आनंदच झाला असता.

आणि हे सूप आधी प्यायला द्यायचं नाही, हेच जेवण. त्याच्याबरोबर मऊ गोळा लागतो, कुटलेल्या याम नावाच्या कंदाचा किंवा कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, भाजलेल्या रव्याचा, ज्याला गारी म्हणतात. मुंबईत सोपा उपाय बारीक रवा. लागोसमध्येही सेमो नावाने घरोघरी तोच खातात. एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी, मीठ-तूप काही नाही, लाकडी उलथन्याने घोटून घोटून उकडीसारखं घट्ट करा. हात धुवायला पाणी द्या, चमचा ठेवू नका. उजव्या हाताने छोटा गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात सूप घ्यायचं आणि न चावता गिळायचं. तुम्हीही त्याच्याबरोबर तसंच खा. एकट्याला वाढून सगळे बघत बसलात तर तो अवघडेल.

प्रश्न : आमच्याकडे मांस-मासे चालत नाहीत. एगुसी करता येईल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : येईल. अळंबी घ्या, इग्बो घरांत तीही सूपात पडते. सुकी अळंबी भिजवलेलं पाणी मटणाच्या पाण्याऐवजी वापरा. मटण आणि जवळा सोडून बाकी कृती वरचीच.

प्रश्न : मी पश्चिम आफ्रिकेचं भेंडीचं सूप केलं. सासूबाईंनी एका घासात ताट बाजूला सारलं, इतकं बुळबुळीत झालं होतं. तार कशी घालवू?
— एक वाचक, वसई

उत्तर : घालवू नका. आपण भेंडी धुऊन, पुसून, आमसूल घालून जी तार मारतो, ती तिकडे वाढवतात. डाव उचलला की धागा लांब यावा, तर सूप जमलं. त्यासाठी एक प्रकारचा खार घालतात. आपल्याकडे चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. सासूबाईंना नसेल आवडत तर त्यांच्यासाठी थोडी भेंडी आधीच बाजूला काढून परतून द्या. या वयात त्यांना नवी चव लावायचा हट्ट नको. तुमच्या वाट्याची किसणीवर किसा किंवा अगदी बारीक चिरा, आंबट काहीही घालू नका. उकळत्या रश्शात टाकल्यावर पाच मिनिटं पुरेत, आणि झाकण ठेवू नका, म्हणजे रंग हिरवागार राहतो.