आधी फक्त पाच मिनिटांचं ऐक

अनेक आशीर्वाद.

पाश्चात्त्य संगीत ऐकायला सुरुवात करायची म्हणून तू पाठवलेली दहा तासांची प्लेलिस्ट सध्या बाजूला ठेव. एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पॅर्तची एकच रचना घे: इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ 1977 साली लिहिलेली ‘कान्टुस’. तंतुवाद्यं आणि एक घंटा, एवढाच सरंजाम. वेळ जेमतेम पाच मिनिटं. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीच्या 1984च्या ‘ताबुला रासा’ अल्बममधलं ध्वनिमुद्रण चांगलं आहे.

फोनमधला क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) शून्यावर आण, ऑटोप्ले बंद कर. सुरुवातीची घंटा अगदी हलकी आहे. ती नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवलास की चौथ्या मिनिटाला कान किटतात. म्हणून आधी तो चौथ्या मिनिटाचा भाग लाव, भरदार पण न बोचणारा आवाज ठरव, मग मागे ये. नंतर बटणाला हात लावायचा नाही. पंखाही बंद. लॅपटॉपचे स्पीकर नकोत, त्यांत डबल बेस, म्हणजे सर्वांत खर्जातलं तंतुवाद्य, गायबच होतं.

वाद्यांच्या सगळ्या गटांत एकच उतरती ओळ आहे. पाश्चात्त्य ‘ए’ स्वराला सा धरलास तर गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. (राग शोधत बसू नकोस, इथे रागाचं चलन, म्हणजे स्वरांची ठरावीक चाल, नाही.) पहिली व्हायोलिनं सा घेतात, मग सा नी, मग सा नी ध, दर वेळी वरून सुरुवात, एक स्वर जास्त. दुसरी व्हायोलिनं तेच एक सप्तक खाली, निम्म्या लयीत. त्याहून खालच्या स्वरांची व्हायोला त्याच्या निम्म्यात, मग आणखी खालचा चेलो, आणि डबल बेस पहिल्या व्हायोलिनांच्या सोळापट संथ. बहुतेक जण वरची व्हायोलिनं धरून बसतात आणि दोन मिनिटांत ‘तेच तेच चाललंय’ म्हणून कंटाळतात. तू खालून ऐक. पहिल्या खेपेला फक्त डबल बेस, दुसऱ्या खेपेला चेलो.

शेवटी एकेक गट आपापल्या स्वरावर येऊन थांबतो. पहिली व्हायोलिनं सर्वांत आधी, कोमल गंधारावर. मग सगळी तंतुवाद्यं एकदम तुटतात आणि त्यांच्याखाली हळूच वाजलेली घंटा उघडी पडते. तिच्या गुंजनात शुद्ध गंधार आहे! जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो ना, तसाच तो शोध. क्रॉसफेड चालू असला तर नेमका हाच भाग कापला जातो.

हा गंधार न सांगता ऐकू यायला लागला की पोलंडचा संगीतकार गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिम्फनीचा पहिला भाग घे. तोही डबल बेसपासूनच सुरू होतो, फक्त तिथे अर्ध्या तासाची बैठक लागेल.