जलरंगात हात बसेपर्यंत

कागद वाया जाईल या धास्तीनेच हात आखडतो. त्यामुळे 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) 22 × 30 इंची कॉटन कागद घेऊन सरळ आठ तुकडे करा. दोन्ही बाजू वापरल्या की सोळा चित्रं होतात. महिनाभर रंग तीनच ठेवा: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एखादा पिवळा. पहिल्या दोघांतून सुरेख करडा निघतो, काळी ट्यूब उघडायचीच नाही.

नवख्यांचं आकाश हमखास एकाच जागी बिघडतं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, अर्धवट सुकलेला असतो, कागदावरची चमक नुकतीच गेलेली असते आणि तेवढ्यात ‘जरा सुधारतो’ म्हणून पाण्याने भरलेला ब्रश टेकतो. ते जास्तीचं पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. चमक असेल तर काम करा. गेली की ब्रश खाली, कागद पुरता सुकू द्या. आणि हो, रंग सुकल्यावर फिका पडतो, तेव्हा मुळातच थोडा गडद लावा.

रोज अर्धा तास, विषय घरातलाच: खिडकीतला तांब्या, त्याची सावली. चित्राच्या कोपऱ्यात तारीख घाला. फाडू मात्र नका, आठवं चित्र पहिल्याशेजारी ठेवून बघायचंय.